संपर्कबिंदू स्वच्छ करावेत

"अठ्ठावीस, एकोणतीस, तीस," मीटरवालीनं मोजलं आणि बटणावरचा अंगठा उचलला. मशीननं काहीही केलं नाही. सकाळपासून ते हेच करत होतं आणि आता त्यात चांगलंच तरबेज झालं होतं.

"चाळीसपर्यंत धर," पलीकडच्या टेबलावरून चष्मा म्हणाला. चष्मा म्हणजे पाणी खात्यातला तिच्यासारखाच मीटर वाचणारा. त्याला यंत्रातलं काही म्हणजे काही कळत नसे, त्यामुळे त्याच्याकडे उपायांना तोटा नव्हता.

"मघाशी वीस म्हणालास."

"मघाशी आजार कमी होता."

तिनं चाळीसपर्यंत धरलं. मग बॅटरी काढून लावली. मग उलटी लावून पाहिली, जी बसलीच नाही, आणि मग चष्म्याच्या सांगण्यावरून मशीन दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली.

"अंडं आहे का हे?" ती म्हणाली.

"माझं असंच झालं होतं चालू."

"तुझं बंद कधी पडलं होतं?"

"तेच तर. आधीच ऊब देत होतो."

मशीन तसं साधंच. हातात मावणारा, विटेएवढा जाड संगणक. घरोघर जायचं, नळाच्या मीटरचा आकडा वाचायचा, मशीनमध्ये टाकायचा, पुढच्या घरी जायचं. चारशे बारा घरं. गेल्या आठवड्यात वरून परिपत्रक आलं की सर्व जुन्या यंत्रांत फर्मवेअर नव्यानं टाकावं, अन्यथा यंत्र भांडारात जमा करावं. फर्मवेअर म्हणजे काय, हे परिपत्रकात नव्हतं. मीटरवालीनं स्वतःपुरता अर्थ लावला होता: मशीनला रोज सकाळी तू मशीन आहेस अशी आठवण करून देणारा आतला प्रोग्राम.

सोबत अकरा पायऱ्यांचा कागद होता. पहिल्या दहा पायऱ्या सुरळीत पार पडल्या. खात्याच्या कामात असं कधी होत नाही, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. पडद्यावर 'अभिनंदन' असंसुद्धा आलं. मग अकरावी पायरी: 'बॅटरी काढून संपर्कबिंदू स्वच्छ करावेत व बॅटरी पुन्हा बसवावी.'

मीटरवाली कामाला चोख. तिनं जुन्या टूथब्रशनं बॅटरीची खाच घासली. धूळ निघाली, अर्धी मुंगी निघाली, एक पांढरा केस निघाला आणि झाकणाच्या खटक्याजवळ चिकटपट्टीत गुंडाळलेलं, घामानं काळं पडलेलं, वाळल्या च्युइंगमसारखं एक कसलंसं ढेकूळ निघालं. तिनं सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बॅटरी बसवली. झाकण लावलं. बटण दाबलं.

तेव्हापासून शांतता होती.

साडेबाराला स्टोअरवाले भाऊ पोतं घेऊन आले. पोत्यात इतर विभागांची मशीनं होती आणि चालताना ती एकमेकांवर आपटत होती. स्टोअरवाल्या भाऊंचा जीव रजिस्टरात होता. त्यांच्या रजिस्टरात दोनच रकाने: चालू आणि बंद. तिसरा रकाना असावा असं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"तुमचं काय लिहू?"

"थांबा ना भाऊ. चालू होतंय."

"होतंय असा रकाना नाही."

"चार वाजेपर्यंत द्या."

"चारला गाडी येते भंगाराची. ती माझ्या बापासाठी थांबत नाही." त्यांनी पोत्यातून चपटं, चकचकीत डबडं काढून टेबलावर ठेवलं. "हे घ्या नवीन. वजनाला पण हलकं. कशाला त्या विटेला कवटाळून बसलाय?"

"यात शेरे येतात का?"

"येतात की. एक ते नऊ. एक म्हणजे कुत्रा, दोन म्हणजे कुलूप, तीन म्हणजे मीटर सापडत नाही. आकडा दाबायचा, विषय संपला."

"आणि लिहायचं असेल तर?"

"काय लिहायचंय?" स्टोअरवाल्या भाऊंना खरोखरच प्रश्न पडला. "कुत्र्याबद्दल आणखी काय लिहिणार माणूस?"

काकूंनी लिहिलं होतं. काकू म्हणजे या मार्गावरच्या आधीच्या मीटरवाल्या. एकवीस वर्षं त्यांनी हीच चारशे बारा घरं वाचली. हे मशीन आलं तेव्हा त्यात प्रत्येक घरापुढे 'शेरा' म्हणून दोन ओळींची जागा होती. बाकी सगळ्यांनी ती रिकामी ठेवली. काकूंना रिकामी जागा बघवत नसे.

घर सात: *कुत्र्यावर मशीन फेकू नये. फेकून पाहिलं.*

घर एकतीस: *मीटर जिन्याखाली. डोकं वाकवा. अजून थोडं.*

घर एकशे बारा: *आजोबा आकडा विचारतात. एक कमी करून सांगा, खूश होतात. लिहिताना खरा लिहा.*

घर दोनशे सहा: *बेल वाजवू नये. बाळ झोपलंय.* हे बाळ आता चौथीत होतं आणि स्वतःच बेल वाजवून पळून जात असे, पण मीटरवाली अजूनही त्या दारावर टकटक करायची.

घर तीनशे चाळीस: *बाईंनी रडत दार उघडलं तर प्यायला पाणी मागा. पाणी आणेपर्यंत रडणं थांबतं.*

थांबायचं. मीटरवालीनं चार वेळा पाहिलं होतं.

काकू निवृत्त झाल्या आणि पाच महिन्यांत गेल्या. एवढी घाई कसली होती कोण जाणे. कामावर असताना तर कधी केली नव्हती. त्यांचं आता जे काही शिल्लक होतं ते या विटेच्या आत होतं, आणि ही वीट सोडून ते दुसऱ्या कुठल्या यंत्रात उघडत नव्हतं. मीटरवालीनं शेरे वहीत उतरवून घ्यायचं दर महिन्याला ठरवलं होतं. वहीसुद्धा आणली होती. वही कोरी आणि अतिशय सुंदर होती.

दोन्ही तळव्यांचा उपाय संपल्यावर तिनं मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी इतकी गोड बोलत होती की भांडायला धरायचं कुठून तेच कळेना.

"नक्की मदत करू, मॅडम. यंत्राचा क्रमांक सांगाल का?"

"कुठे असतो?"

"यंत्र चालू केलं की पहिल्याच पडद्यावर दिसतो."

मीटरवालीनं डोळे मिटले. "ते चालू होत नाही, म्हणून तर फोन केलाय."

"समजलं, मॅडम. मग बॅटरीखाली स्टिकर असेल."

स्टिकर होतं. नऊ वर्षांत त्यावरचा क्रमांक झिजून फक्त एक 'चार' उरला होता.

"चार," ती म्हणाली.

"पुढे?"

"पुढे काही नाही. एकटाच आहे."

फोनवर थोडा वेळ टकटक ऐकू आली. "चार क्रमांकाचं यंत्र आमच्याकडे दिसत नाही, मॅडम. फर्मवेअर टाकताना काही चूक झाली का?"

"'अभिनंदन' आलं होतं."

"अरे वा, मग यंत्र चालू आहे!"

"अहो, ते मेलंय!"

"आमच्या नोंदीत चालू आहे, मॅडम. तक्रारीचं निवारण झालं असं लिहू का?"

फोन ठेवल्यावर मीटरवालीनं मशीन उचललं आणि काकूंसारखं बाजूला दोन चापट्या मारल्या. काही नाही. चष्म्यानं येऊन तिसरी मारली. त्याचाही उपयोग झाला नाही, पण चष्म्याला बरं वाटलं.

"सोड ना आता," तो म्हणाला. "त्या काकूंनी तुला कमी छळलंय का? पहिल्या महिन्यात तूच त्यांच्याविरुद्ध अर्ज दिला होतास. विसरलीस?"

विसरली नव्हती. काकू तिला प्रत्येक आकडा दोनदा वाचायला लावत आणि तिसऱ्यांदा स्वतः वाचत. छत्री आणू देत नसत, कारण एका हातात मशीन, दुसऱ्या हातात टॉर्च, तिसरा हात कुठून आणणार. तिच्या चालण्याला त्या 'बागेतला फेरफटका' म्हणत. तिसऱ्या आठवड्यात तिनं रडत रडत अर्ज लिहिला, मार्ग बदलून मिळावा म्हणून. अर्जाचं पुढे काय झालं ते कधी कळलं नाही. खात्यात अर्ज जातात. परत येताना कुणी पाहिलेले नाहीत.

पावणेचारला सफाईवाल्या मावशी टेबलाखालून झाडू फिरवत आल्या.

"पाय वर. काय गं, तोंड का असं?"

"काकूंचं मशीन गेलं, मावशी. आतला प्रोग्राम बदलला आणि गेलं."

मावशींनी झाडू थांबवून मशीन हातात घेतलं, मागं वळवलं, झाकण दाबून पाहिलं. झाकण खडखडलं.

"यातली घडी कुठाय?"

"कसली घडी?"

"अगं, कागदाची घडी. कुत्र्याला फेकून मारलं होतं ना हे, तेव्हा खटका तुटला. झाकण नीट दाबलं गेलं नाही तर हे चालूच होत नाही, तुझ्या काकूच म्हणायच्या. मग कागद ठोसला त्यांनी. महिन्याच्या महिन्याला नवी चिकटपट्टी लावायच्या माझ्यासमोर. तुला नाही सांगितलं?"

"दर महिन्याला झाकण का उघडता, असं मी विचारलं होतं. 'चालतंय ना? मग झालं' म्हणाल्या."

एवढं बोलून मीटरवाली कचऱ्याच्या डब्याकडे झेपावली. डबा रिकामा होता. तळाशी अर्धी मुंगी तेवढी शिल्लक होती.

"दुपारीच रिकामा केला मी," मावशी म्हणाल्या. मीटरवाली मटकन खुर्चीत बसली. मावशींनी कमरेची पिशवी सोडली आणि आतून पत्र्याची डबी काढली. डबीत बटणं होती, पेनांची टोपणं होती, कुणाकुणाच्या किल्ल्या होत्या. "बोळा केलेला कागद मी टाकते. घडी घातलेला नाही टाकत. बोळा म्हणजे माणसाला नकोय. घडी म्हणजे कशाला तरी हवंय." त्यांनी काळं ढेकूळ तिच्या तळहातावर ठेवलं.

चिकटपट्टी सुटली होती. घडी पुन्हा नीट घालायची तर आधी उलगडायला हवी होती. मीटरवालीनं नखानं एक पदर सोडवला, मग दुसरा. आठ घड्या होत्या. सहाव्या घडीला तिला एक अक्षर दिसलं आणि तिचा हात थांबला, कारण 'ण' असा गोल गोल फक्त तीच काढायची.

*…तरी मला दुसरा मार्ग मिळावा, ही नम्र विनंती.*

कोपऱ्यात साहेबांचा शिक्का होता: 'संबंधितांकडे अभिप्रायार्थ.' खात्याची पद्धतच ती. तक्रार आली की जिच्याविरुद्ध आली तिच्याचकडे पाठवायची आणि तुमचं काय म्हणणं विचारायचं. अभिप्राय लिहून झाल्यावर अर्ज पुन्हा साहेबांकडे वर जायला हवा होता. पण खालची तारीख काकूंनी कुत्र्यावर मशीन फेकलं त्याच आठवड्यातली होती, आणि त्या दिवशी काकूंच्या हाताशी दुसरा कागद नसावा.

अभिप्राय पेन्सिलीनं लिहिलेला होता. बरोब्बर दोन ओळींत.

*तक्रारी सर्व खऱ्या. मुलगी आकडा चुकत नाही.*
*रडते पण चालते. माझ्यानंतर मार्ग हिलाच द्यावा.*

"काय लिहिलंय?" मावशींनी विचारलं.

मीटरवालीनं अर्ज जुन्याच रेघांवर दुमडला. कागदाला नऊ वर्षांची सवय होती; तो आपण होऊन मिटत गेला. चष्म्यानं न सांगता चिकटपट्टी आणून दिली आणि पहिल्यांदाच कुठला उपाय सुचवला नाही. तिनं घडी खटक्याजवळ बसवली, अंगठ्यानं दाबली, झाकण लावलं आणि बटण धरलं.

तिला तीनपर्यंतसुद्धा मोजावं लागलं नाही. पडदा उजळला. आधी 'अभिनंदन' आलं, मग यादी. तिनं थेट तीनशे चाळीस उघडलं. शेरा होता.

पोतं आपटत स्टोअरवाले भाऊ दारात आले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता.

"काय, आणू पोतं?"

"चालू आहे."

भाऊंनी वाकून खात्री केली आणि रजिस्टर उघडलं. "बंद का पडलं होतं? कारण लिहावं लागतं."

"अर्ज अडकला होता."

"कुणाचा?"

"माझा. मार्ग बदलून मिळावा म्हणून दिला होता."

"मग?" भाऊंनी लिहिता लिहिता विचारलं. "मिळाला का?"

"नाही मिळाला," ती म्हणाली. तिनं टॉर्च घेतली, पदरानं एकदा पडदा पुसला आणि मागचं झाकण अंगठ्यानं दाबून धरत घर क्रमांक एककडे निघाली.

झाकण आता घट्ट बसलं होतं. दाबून धरायची तशी काही गरज नव्हती.