कुंकवामागची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. नाव चौकट, पण माझं डोकं देव्हाऱ्यासारखं कमानदार. चित्राचं कापड ज्या लाकडावर ताणून ठोकतात, ते लाकूड म्हणजे मी. लोक चित्र बघतात, मला कुणी बघत नाही. न बघितलेलंच बरं, अशी माझी करणी आहे!

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. सेलूजवळच्या एका खेड्यात सटवाजी सुताराने मला घडवलं. सटवाजी गाडीची चाकं करणारा. चाकाला देतात तसा बाक देऊन त्याने बाभळीची कमान जोडली, आणि मी वाकू नये म्हणून कमानीखाली एक आडवी पट्टी बसवली. पेंटर बन्सीधरने बघताच सांगितलं, "सटवाजी, पट्टी जरा आत घ्या. कापडाला लाकूड टेकलं नाही पाहिजे."

सटवाजी भडकला. "आन् फट ठिवू? चाकात फट ठिवली का मी कधी? लोक हासतील मला!"

बन्सीधरने तसंच माझ्यावर कापड ताणून ठोकलं. मलाही सटवाजीचंच पटलं. कापडाला घट्ट धरायचं, यात वाईट काय?

त्या कापडावर गावातल्या भुजंगरावांची बायको मनकर्णाबाई हुबेहूब उतरली. कपाळावर ठसठशीत आडवं कुंकू. बघणारे म्हणाले, "आता बोलंल बगा!" पुढच्याच वर्षी मनकर्णाबाई तापाने गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. तिच्या लहानग्या लेकीला, कासाबाईला, आईचं तोंड म्हणून एवढं चित्रच उरलं.

आणि तेच मी खराब केलं. कापड सैल पडलं, माझ्या पट्टीवर घासू लागलं. पट्टी नेमकी कपाळामागे. रंगाला तडे गेले, कुंकवाच्या खपल्या गळाल्या. सवाष्ण गेलेल्या बाईचं कपाळ मी पांढरं केलं. लय लाज वाटते मला.

कासाबाईच्या लग्नात चुलती कडूबाई म्हणाली, "असलं उघडं कपाळ मांडवात नगं ग बाई. काढा ते."

"न्हाई काढायचं. माय हाय माझी!" कासाबाई म्हणाली. तिने करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं आणि आईच्या कपाळाला दाबून लावलं. बायकांनी डोळे पुसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढून तिचं बोट दाबत होतं आणि मागे मी होते. भुवईचा रंग तेव्हाच सुटला.

आता मी जिंतूरला तिच्या सासरी आहे. रोज अंघोळ झाली की ती येते, "माय, जाते ग रानात," म्हणते आणि कुंकू लावते. दोन्ही भुवया गेल्या. तिला वाटतं, चित्र जुनं व्हायलंय. मला ओरडता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी असं चित्र असेल तर एकदा मागून बघा. लाकूड कापडाला टेकत असेल तर सुताराकडून रंधा मारून घ्या. आणि कुणी जिंतूरला गेलात तर कासाबाईला एवढं सांगा : बोट लावू नको ग बाई, नुसते हात जोड. आईचे डोळे अजून शाबूत आहेत.