एकसष्ट पुस्तकं जास्त

सन २०२३चा एप्रिल सरत आला होता, ठमीताई म्हात्रेंच्या निवृत्तीला पाच आठवडे उरले होते, आणि नेमकी तेव्हाच ग्रंथालयात एकसष्ट पुस्तकं जास्त निघाली.

कमी निघाली असती तर कुणी मान वर करून बघितलं नसतं. पुस्तकं हरवतातच. मुलं नेतात, मुली सासरी जाताना ती चुकून त्यांच्या बॅगेत जातात, प्राध्यापकांच्या घरी तर ती वाळवीसकट सुखाने नांदतात. त्यासाठी नियम आहे. अमुक इतकी गेली तर चालतील, कारण लिहा, सही करा, मोकळे व्हा. पण जास्त निघाली तर काय करायचं, हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

अलिबागच्या अलीकडे विद्यापीठाचं हे केंद्र १९८७ साली निघालं, तेव्हा ग्रंथालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं होती आणि ठमीताई बावीस वर्षांच्या होत्या. पेणकडच्या मिठागरावरच्या घरातली पोर, आजीचं नाव ठेवलेली. पहिल्या दिवशी साहेबांनी हजेरीवर नाव लिहिताना विचारलं होतं, "हे लाडाचं झालं, खरं नाव काय?" त्या म्हणाल्या, "हेच खरं." तेव्हापासून दाखल नोंदवहीतली प्रत्येक ओळ त्यांच्या हातची. एक नंबरच्या शब्दकोशापासून ते तेवीस हजार चारशे अठराव्या पुस्तकापर्यंत. प्राध्यापक मागणीची चिठ्ठी देणार, समिती बसून अर्धी नावं खोडणार, उरलेल्यांची खोकी मार्चमध्ये येणार. मग ताई प्रत्येक पुस्तकाला नंबर देणार आणि आतल्या पानावर तो शाईने लिहिणार. त्यावर शिक्का, पाठीवर विषयाचं लेबल. या दाराखेरीज पुस्तकाला आत यायला दुसरं दार नाही, असं त्या नव्या विद्यार्थ्यांना दर जूनमध्ये सांगायच्या.

आणि आता टेबलावर एकसष्ट पुस्तकं पडली होती. शिक्का होता, लेबल होतं. नंबर मात्र एकावरही नव्हता.

मोजणीला मुख्य ग्रंथालयातून हर्षद सर आले होते. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रेवसला उतरायचे आणि पुढे रिक्षाने यायचे. चाळिशीचा माणूस, बोलायला मऊ, पण कागदाला चिकट. त्यांनी चष्मा पुसला.

"म्हात्रे मॅडम, हे जर्मन भाषेतलं प्रवासाचं पुस्तक कुणी मागवलं?"

"ठाऊक नाही, सर."

"लॅब्राडॉर कुत्र्याची निगा?"

"ठाऊक नाही."

"बाळांची नावं. हे तर भाषाशास्त्रात लावलंय."

ठमीताईंनी कोपऱ्यातल्या मोरूकडे पाहिलं. मोरू ग्रंथालयाचा परिचर. पन्नाशी ओलांडलेला, कामाला वाघ, पुस्तकं जागेवर लावणं त्याच्याकडे. तो म्हणाला, "नावं म्हंजे भाषाच की, सर."

"म्हणजे ही लेबलं तुम्ही लावलीत?"

"मीच लावली. शिक्काबी मीच मारला. लेबल सुटलेली पुस्तकं होती ती, पेटीत आलेली."

हे खरं होतं की खाऱ्या हवेने इथे कुठलंच लेबल वर्षभर टिकत नसे. डिंक सुटायचा आणि पावसाळ्यानंतर लेबलं फरशीवर पाचोळ्यासारखी पडायची. मोरू ती नव्याने चिकटवायचा. आणि पेटी म्हणजे कोरोनात भिंतीत बसवलेली परतपेटी. बाहेरून फटीतून पुस्तक टाकायचं, आतून सकाळी काढायचं, म्हणजे कुणाला कुणाच्या जवळ जायला नको.

"अरे पण मोरू, ही आपली नाहीतच!" ठमीताई म्हणाल्या.

"आपली न्हायत तर आपल्या पेटीत कशी येतील, ताई?"

ठमीताईंनी वरचं पुस्तक उघडून आतलं पान त्याच्यापुढे धरलं.

"आणि आतला नंबर?" सरांनी विचारलं.

"शाई उडाली असंल वाटलं. ताई घालतील म्हटलं. ताई तवा संगणकात अडकल्या होत्या."

तेही खरंच होतं. ती दोन वर्षं ठमीताई जुन्या नोंदी संगणकात भरत बसल्या होत्या, आणि कपाटांपर्यंत जाणं व्हायचंच नाही.

मोरू चहा आणायला गेल्यावर हर्षद सर हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मला वाईट वाटतंय. पण कागदावर हे कसं दिसतं बघा. मागच्या मोजणीनंतर अठ्ठावन्न पुस्तकं गहाळ, आणि एकसष्ट बेनंबरी जास्त. वर तुमचा शिक्का. वाचणारा काय म्हणेल? चांगली काढली आणि मोजणीत फळी भरलेली दिसावी म्हणून ही घुसवली."

छत्तीस वर्षांत ठमीताईंनी घरी वाचायला नेलेलं पुस्तकसुद्धा स्वतःच्या नावावर लिहून नेलं होतं.

"मी घुसवली?"

"मी नाही म्हणत. गुरुवारी अहवाल द्यायचाय. तोवर ही कुठून आली ते सांगा. नाही सांगता आलं, तर मला जे दिसतं ते लिहावं लागेल. मग तुमचं निवृत्तीचं प्रकरण चौकशीला जाईल."

त्या दिवशी सोमवार होता.

ठमीताईंनी एकसष्ट पुस्तकं एकेक करून उघडली. एरवी पुस्तक हातात घेतलं की कुठल्या सालच्या खोक्यातून आलं, कुठल्या सरांनी मागवलं, चिठ्ठीवर अक्षर कसं होतं, सगळं त्यांना आठवायचं. यातल्या एकानेही ओळख दिली नाही. खुनाच्या इंग्रजी कादंबऱ्या, त्यांची पानं पाण्याने फुगलेली. कांदा-लसणाशिवायचा गुजराती स्वयंपाक. पत्त्यांचे खेळ. कवितेच्या एका पुस्तकात वाळू होती. कुठला प्राध्यापक ही मागणी करील? कुठली समिती मंजूर करील? त्यांना वाटायला लागलं, आपणच तर कधी तंद्रीत सही केली नसेल? वय झालं म्हणतात ते हेच का?

मग त्यांना मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलेलं दिसलं. "खो ४. १२ डिसें १८." दुसऱ्यात "खो २. ३ मे १९." त्यांनी ते वर्गीकरणाच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. जमेना. "खो" म्हणजे खोकं असेल म्हणून जुन्या खोक्यांच्या याद्या काढल्या. त्या सालात खोकी आली होती मार्चमध्ये, डिसेंबरात एकही नाही. मंगळवारची संध्याकाळ झाली तरी डोकं तिथंच.

"मोरू, ही पेटीत कोणत्या दिवशी आली ते काही लिहिलंयस?"

"लिहिलंय तर! लेबल लावलं की मी वहीत टिपतो. न्हायतर तुमी बोलता, दिवसभर काय केलंस."

"मग दोन दिवस सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाय. आनि सरांसमोर माजी जीभच वळत न्हाय."

बुधवारी सकाळी ठमीताईंनी मोरूची वही डाव्या हाताला ठेवली आणि पुस्तकं परत आल्याची नोंदवही उजव्या हाताला. ज्या ज्या दिवशी मोरूने सुटलेलं लेबल लावलं होतं, त्या दिवशी पेटीत कुणाकुणाची पुस्तकं आली होती ते बघायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पाच नावं, दुसऱ्या दिवशी तीन. दहाव्या दिवशी पोचेपर्यंत सगळ्या दिवसांत असणारं एकच नाव उरलं. प्रज्योत. मुरुडचा, इतिहासाचा विद्यार्थी, २०२२ला एम.ए. होऊन गेलेला. त्याने दोन पुस्तकं परत केली की लेबल नसलेली दोन जास्त यायची. एक केलं की एक.

त्यांनी फोन लावला. प्रज्योत एका कारखान्यात पाळीवर होता, मागे यंत्राचा आवाज.

"मॅडम, माझ्याकडे काहीच बाकी नाही. सगळी दिली मी."

"दिलीस रे. जास्तच दिलीस. ते कुत्र्याचं नि ते जर्मन, ती कुठली?"

तो ओशाळून म्हणाला, "ते तुम्ही आईला विचारा ना, प्लीज. मी तिला सांगितलं होतं असं नसतं म्हणून. ती ऐकत नाही."

साडेअकराच्या एसटीने ठमीताई मुरुडला निघाल्या. दोन तास त्या खिडकीशी बसून विचार करत होत्या. मुलाची आई पुस्तकं घुसवते. का? कुणी सांगितलं तिला? मुलाचे मार्क वाढावेत म्हणून? पण पेटीत टाकलेल्या पुस्तकावर कुणाचं नाव नसतं, मग मार्क कोण कुणाला देणार? काहीच कशाला जुळत नव्हतं.

प्रज्योतची आई बायजा समुद्राजवळच्या एका लहान लॉजवर कामाला होती. मागच्या अंगणात, नारळींना बांधलेल्या दोरीवर चादरी वाळत घालत होती. पंचेचाळिशीची, शिडशिडीत, तोंडात चिमटा धरलेला.

"मी प्रज्योतच्या ग्रंथालयातली," ठमीताई म्हणाल्या.

बायजाने चिमटा काढला. "आगो बाय! काय कमी परलं काय?"

"कमी नाही. जास्त झालंय. एकसष्ट पुस्तकं तुम्ही धाडलीत?"

"मोजली न्हाय मी. पन धाडली, व्हय."

"का पण?"

बायजा त्यांच्याकडे अशी बघत राहिली, की हिला शिकलेली म्हणावं की काय म्हणावं. "तुमचं गाव कुठलं?"

"पेणकडचं. मिठागरावरचं."

"मंग तुमच्याकडं शेजारनीचं भांडं रिकामं धाडतात काय? कालवन आलं त्या भांड्यातनं, तर धुऊन नुसतं देता तुमी?"

"नाही. काहीतरी घालून देतो. मूठभर मीठ तरी."

"तेच बोलते मी. पोरगा तुमच्याकडनं दर पंदरा दिसांनी पुस्तकं आनतो, शिकतो, नि आमी परत धाडायची ती नुसतीच? कसं दिसतंय ते? आता पुस्तकात मीठ घालू काय? पुस्तकाबरोबर पुस्तकच जानार."

ठमीताई तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. हसू येतंय की रडू, हे त्यांना कळेना.

"पण आणलीत कुठून?"

"खोल्यांतली. पाव्हनी विसरून जातात. वर्सभर ठेवतो, कोनी मागाय आलं न्हाय की मालक बोलतात, बायजा, उचल हे. मी उगाच कायपन न्हाय धाडलं हां! फाटकं एक न्हाय. वाईट चित्रांची बंबात घातली. चांगली निवडून धाडली. त्ये कुत्र्याचं मात्र..." ती थांबली. "विद्यापीठात चालंल का, मलाबी वाटलं होतं. पन पोरं कुत्री पाळतात म्हनून दिलं. काय चुकलं काय माजं?"

"माझी नोकरी जाता जाता चोरीचा आळ येतोय, बायजाबाई. मला लिहून द्यावं लागेल, पुस्तकं कुठली ते."

"लिवलंय की सगलं."

तिने आत जाऊन एक लांबट वही आणली. सातवीपर्यंत शिकलेल्या हाताचं मोठं, ठसठशीत अक्षर. पाहुण्यांनी विसरलेल्या वस्तूंची वही होती ती. "१२ डिसेंबर २०१८. खोली ४. एक पुस्तक, वर बोटीचं चित्र. एक चड्डी, निळी." "३ मे २०१९. खोली २. पुस्तक, इंग्रजी, भिजलेलं. एक चार्जर." "खो" म्हणजे खोली होती. बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात ठमीताईंनी सगळी पानं काढून घेतली. दुकानदार चड्डीच्या ओळीवर अडखळला.

गुरुवारी हर्षद सरांनी झेरॉक्स एकदा वाचली, पुन्हा वाचली.

"म्हणजे ही देणगी?"

"देणगी नाही म्हणता येणार. भांडं रिकामं देत नाहीत, तसं."

"मी हे कुठल्या रकान्यात लिहू, मॅडम?"

"मलाही तेच कळत नाहीये, सर."

दोघं पुस्तकं आणि वही ताडायला बसले. सर तारीख वाचायचे, ताई पुस्तक उचलायच्या. चार वाजेस्तोवर साठ जुळली. एकसष्टावं जुळेना. पातळ, मराठी, घरच्या घरी घड्याळ दुरुस्त करण्याचं. पेन्सिलीची खूण नाही, वहीत नोंद नाही. मोरूने शपथ घेऊन सांगितलं, लेबल त्याचं नाही. शिक्का मात्र होता. बायजाला फोन केला. ती म्हणाली, घड्याळाचं कधी बघितलंच न्हाय.

"हे कुठून आलं?" सरांनी विचारलं.

"ठाऊक नाही, सर," ठमीताई म्हणाल्या. सोमवारपासून हेच वाक्य त्या मान खाली घालून म्हणत होत्या. आज सरळ बघून म्हणाल्या.

हर्षद सरांनी पेन उघडलं आणि लिहिलं: गहाळ अठ्ठावन्न, नेहमीच्या प्रमाणात. जास्त साठ, कारण सोबत जोडले आहे. जास्त एक, कारण समजले नाही. खाली सही केली, आणि रेवसची शेवटची बोट चुकू नये म्हणून घाईने निघाले. म्हात्रे मॅडमच्या प्रकरणावर कसलीही चौकशी लावली गेली नाही.

ऑगस्टात निवड समिती बसली. तिने साठातली एकोणीस रीतसर दाखल करून घेतली. त्यात कविता आल्या, गुजराती स्वयंपाक आला आणि, कुणी कसा आग्रह धरला ठाऊक नाही, कुत्र्याची निगाही आली. बाकीची वाचनकक्षाबाहेरच्या घडवंचीवर ठेवली आहेत, ज्याला हवं त्याने न्यावं म्हणून. हर्षद सरांची बदली झाली. ते प्रशिक्षणात ही हकीकत सांगतात म्हणे, पण गाव दुसरंच सांगतात. मोरू अजून नोकरीत आहे, आणि आता नंबर नसलेलं काहीही पेटीत सापडलं की आधी फोन करतो. प्रज्योत कारखान्यात कायम झाला. इतिहासाची पुस्तकं तो आता विकत घेतो, वाचणं मात्र होत नाही असं म्हणतो. लॉज नव्या मालकाने घेतलं, खोल्यांना एसी बसवले, आणि बायजा तिथून निघून बाजारात खानावळीत पोळ्या करायला लागली. ठमीताई एकतीस मेला वेळेवर निवृत्त झाल्या. पेणकडच्या घरी असतात. दिवाळीपासून एका डोळ्याचं दिसणं कमी झालंय, तेव्हा शेजारची पोरगी दुपारी तासभर येऊन वर्तमानपत्र वाचून दाखवते.