सोळाव्या रकान्यातलं ‘नाही’

"टायपिंगची चूक झालीय," वेन ड्रेक्सलर म्हणाला. "ऑरिन, तेवढं दुरुस्त कर, पुढे जाऊ."

"चूक नाही झालेली," ऑरिन बटीस्ट म्हणाला.

खोलीत अकरा माणसं होती. ड्राफ्टला, म्हणजे लीगमधल्या क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू उचलायच्या निवडीला, सोळा दिवस उरले होते. क्लबच्या इमारतीतल्या या बिनखिडकीच्या खोलीत ही मंडळी नऊ दिवस रोज सकाळी साडेसातला येऊन बसत होती आणि यंदा कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूंचे रिपोर्ट एकेक करून वाचत होती. समोर भिंतभर लोखंडी फळा होता. प्रत्येक खेळाडूच्या नावाची एक चुंबकाची पट्टी, आणि पट्ट्यांच्या सात रांगा, ड्राफ्टच्या सात फेऱ्यांच्या. पट्टी जितकी वर, तितका क्लब त्या पोराला लवकर उचलणार. दाराजवळ आणखी एक फळा होता, लहानसा. फुकट मिळाला तरी नको, अशा खेळाडूंचा. तिथे गेलेली पट्टी परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पडद्यावर मार्केल लॅसिटरचा रिपोर्ट होता. कॉलेज पर्ल क्रीक स्टेट, मिसिसिपी. उंची सहा फूट तीन इंच, वजन तीनशे बारा पौंड. जागा डाव्या गार्डची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे भिंत धरून उभे राहणाऱ्या पाच जणांपैकी एक. ऑरिनने त्याला दुसऱ्या फेरीचा दर्जा दिला होता. इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. हरकत होती सोळाव्या रकान्याला. ‘फुटबॉलवर मनापासून प्रेम आहे का?’ या प्रश्नापुढे ऑरिनने ‘नाही’ लिहिलं होतं.

"नियम तुला माहीत आहे," ड्रेक्सलर म्हणाला. "सोळाव्यात ‘हो’ नसेल तर पट्टी दाराजवळ."

"माहीत नसायला काय झालं? मीच केलाय तो."

हे खरं होतं. ऑरिन एकसष्ट वर्षांचा होता आणि नवे खेळाडू हेरणारा स्काउट म्हणून सव्वीस वर्षं लुईझियाना, मिसिसिपी, अलाबामा हा टापू एकटा पालथा घालत होता. अकरा वर्षांपूर्वी त्याने छातीठोकपणे ज्याची शिफारस केली होती, तो पोरगा सरावाच्या तिसऱ्या आठवड्यात ‘पुरे झालं’ म्हणून बॅग भरून घरी निघून गेला. ऑरिनला ते इतकं लागलं की त्यानेच हा प्रश्न रिपोर्टात घालायला लावला, आणि नियमही. तेव्हापासून तो प्रत्येकाला विचारत आला. प्रत्येक जण ‘हो’ म्हणाला. काहींच्या तर डोळ्यांत पाणी आलं. त्यांतलेही काही जण पुढे बॅगा भरून घरी गेले.

मार्केलकडे तो ऑक्टोबरात गेला होता. कोच आपल्या सगळ्याच पोरांचं कौतुक करतात, म्हणून जुने स्काउट आधी संघाच्या सामानाच्या खोलीत जातात. पर्ल क्रीकला ती खोली पर्विस ओडम नावाचा म्हातारा सांभाळायचा.

"पोरगा कसा आहे?" ऑरिनने विचारलं.

"वक्तशीर," पर्विस म्हणाला. "सहाला ये म्हटलं की सहाला येतो. पावणेसहाला नाही, सहा-पाचला नाही. काम झालं की सरळ घरी. बाकीची इथे कोचच्या दारात घुटमळत असतात, त्याच्या मुलीला मागणी घालायला आल्यासारखी."

"आळशी आहे म्हणतोस?"

"आळशी? अरे बाबा, माझं कपडे वाळवायचं मशीन बंद पडलं होतं. त्याने बसून पूर्ण खोललं, जोडलं, चालू केलं, हात धुतले आणि गेला. ‘थँक यू’ म्हणायलासुद्धा मला त्याच्या मागे पळावं लागलं. आणि माझे गुडघे बघ."

मग ऑरिनने अंधाऱ्या खोलीत बसून मार्केलचे सामने पाहिले. त्यांतला एक सामना पर्ल क्रीक अडतीस गुणांनी हरलं होतं. शेवटच्या मिनिटाला बाकीचे चौघे नुसते अंगाला अंग लावून उभे होते, घड्याळ संपायची वाट बघत. मार्केलने त्याही वेळी तीन पावलं टाकली, दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर रोवले आणि त्याला जागचं हलू दिलं नाही. ऑरिनने सामन्याची पहिली चाल आणि ही शेवटची चाल शेजारी-शेजारी लावून पाहिली. पाऊल पावलावर बसत होतं. त्याने ती आठ वेळा पाहिली. इतक्या वर्षांत असं त्याने दोघा-तिघांचंच पाहिलं होतं, आणि ते सगळे दहा-दहा वर्षं खेळले.

दुपारी मार्केल समोर येऊन बसला. खुर्ची त्याला लहान पडत होती.

"फुटबॉलवर प्रेम आहे तुझं?" ऑरिनने विचारलं. पेन ‘हो’ लिहायला टेकलेलंच होतं.

"नाही, साहेब."

"नीट विचार करून सांग. हा प्रश्न तुला लीगमधले बत्तीस क्लब विचारतील."

"मग बत्तीस वेळा सांगावं लागेल."

"प्रेम नाही, तर खेळतोस कशाला?"

"जमतं म्हणून. आणि हातात घेतलेलं काम अर्धवट राहिलं की मला जेवण जात नाही." मार्केल थोडा थांबला. "साहेब, तुम्ही वर्षाला किती मैल गाडी चालवता?"

"चाळीस हजार. थोडे जास्तच."

"आवडतं?"

ऑरिनची नजर स्वतःच्या पँटवर गेली. त्या दिवशी तो पहाटेच घरून निघाला होता, दीड तास उसाच्या ट्रकांच्या मागे रखडला होता, आणि पेट्रोल पंपावरचं तळलेलं चिकन मांडीवर ठेवून खाल्ल्याचा डाग अजून त्याच्या पँटवर होता.

"नाही ना आवडत?" मार्केल म्हणाला. "पण सकाळी सातला तुम्ही फाटकापाशी होता. दुसऱ्या क्लबचे दोघे दहाला उगवले. त्यांना गाडी चालवायला फार आवडत असेल."

निघताना कॉलेजचा कोच गाडीपर्यंत धावत आला होता. "ऑरिन, तू तरी समजाव त्याला. ‘हो’ म्हणायला काय जातं? त्याचा एजंट घसा फोडून सांगतोय. आमच्या कॉलेजातून नऊ वर्षांत एकही पोरगा लीगमध्ये गेला नाही रे!" ऑरिनने त्याला धीराचं काहीतरी सांगितलं, गाडीत बसून सोळाव्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं, आणि नंतरच्या सहा महिन्यांत ते बदललं नाही.

"दोनपैकी एक बदल," ड्रेक्सलर आता म्हणत होता. तो त्रेचाळीस वर्षांचा, स्काउटिंगचा प्रमुख, या क्लबात तिसरं वर्ष. "शब्द बदल, नाहीतर दर्जा. प्रेम नसलेल्या पोराला दुसऱ्या फेरीत घेतलं हे बाहेर कळलं तर लोक आपल्याला वेड्यात काढतील."

"शब्द त्याचा आहे. दर्जा माझा आहे. दोन्ही बरोबर आहेत."

"मेअखेर सगळ्या स्काउटांचे करार संपतात, ऑरिन. नवे कुणाला द्यायचे ते मी ठरवतो."

"हे तू मला धमकी म्हणून सांगत असशील तर आधी माझ्या बायकोला विचार. ती सहा वर्षं देवाकडे तेच मागतेय."

टेबलाच्या टोकाला कुणीतरी हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जनरल मॅनेजर गस टॉलिव्हर बसला होता. शेवटचा शब्द त्याचा असे, आणि तो शेवटीच बोलत असे. "फोन लावा त्या पोराला," तो म्हणाला.

फोन टेबलाच्या मध्यावर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडे काहीतरी धडधडत होतं.

"मार्केल, मी गस टॉलिव्हर. कुठे आहेस?"

"मावशीच्या लाँड्रीत, साहेब. मशीनमध्ये डोकं आहे. थांबा, बाहेर काढतो." धडधड थांबली. "बोला."

"एकच प्रश्न. फुटबॉलवर प्रेम आहे का तुझं?"

"ऑरिनसाहेब आहेत का तिथे?"

"आहेत."

"मग त्यांनी सांगितलं नाही? मी ऑक्टोबरातच उत्तर दिलंय."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"नाही, साहेब. नाहीये."

ड्रेक्सलरने हात पसरले, झालं ना समाधान, अशा थाटात.

"मग मी तुला का घ्यावं?" टॉलिव्हरने विचारलं.

"तुमचा आत्ताचा डावा गार्ड तिसऱ्या पावलाला ताठ उभा राहतो. मी तुमचे चार सामने पाहिले. चारही सामन्यांत क्वार्टरबॅक त्याच बाजूने पडला. मी तिसऱ्या पावलाला ताठ होत नाही."

त्या पाच जणांच्या भिंतीचा, म्हणजे लाइनचा, कोच हर्शेल क्रमने कपाळावर हात मारला. हेच वाक्य तो स्वतः गेले पाच महिने सगळ्यांना ऐकवत होता, आणि कुणी ऐकत नव्हतं.

टॉलिव्हर फोनकडे झुकला. "आणि मी म्हटलं, आत्ता ‘हो’ म्हण, दुसऱ्या फेरीत घेतो, तर?"

मार्केल म्हणाला, "तर नोव्हेंबरात, ऐन मोसमात मी ‘गुडघा ठीक आहे’ म्हणेन, तेव्हा तुम्ही कशावर विश्वास ठेवाल?"

मागून एका बाईचा आवाज आला, "मार्केल, गिऱ्हाईक थांबलंय!" मार्केलने "येतो, मावशी" म्हटलं, साहेबांना नमस्कार सांगितला आणि फोन ठेवला.

"पोरगा हुशार आहे," टॉलिव्हर हळूच म्हणाला. मग त्याने हनुवटी चोळली. "पण नियम आहे. एकासाठी मोडला की उद्या प्रत्येकासाठी मोडा. वेन, ने."

ड्रेक्सलर उठला. त्याने दुसऱ्या रांगेतून मार्केलची पट्टी काढली आणि दाराजवळच्या फळ्यावर लावली. चुंबक टक्कन बसलं.

ऑरिनही उठला. तो मोठ्या फळ्यापाशी गेला, पहिल्या रांगेकडे हात नेला आणि डेव्हिअन रूक्सची पट्टी काढली. रूक्स अलाबामातला बचावपटू. पहिल्या फेरीत तोच घ्यायचा, हे टॉलिव्हरने फेब्रुवारीतच ठरवून टाकलं होतं.

"हे काय चाललंय?" ड्रेक्सलर म्हणाला.

"नियम," ऑरिन म्हणाला. "माझ्या टापूतल्या एकेचाळीस पोरांपुढे मी ‘हो’ लिहिलंय. ते ‘हो’ त्यांचं आहे, माझं नाही. कुणाला एजंटाने शिकवलं, कुणाला आईने. रूक्स ‘हो’ म्हणताना एका डोळ्याने फोन बघत होता. खरं किती, मला ठाऊक नाही. खाली सही माझी आहे, म्हणून आज ती एकेचाळीस ‘हो’ मी मागे घेतो. रकाना कोरा. कोरा म्हणजे ‘हो’ नाही."

त्याने रूक्सची पट्टी डाव्या हातात घेतली आणि उजव्याने दुसऱ्या रांगेतली एक काढली. मग तिसऱ्या रांगेतल्या दोन.

"नाटकं बंद कर!"

"तू रिपोर्ट उघड आणि मला दाखव, या एकेचाळीस जणांपैकी कोणता खरं बोललाय. माझ्या टापूत मला एकाचीच खात्री आहे, आणि त्याला तू आत्ता दारात नेऊन उभा केलास." त्याने आणखी एक पट्टी काढली. "अकरा वर्षं मी पोरांना एक प्रश्न विचारून खोटं बोलायला शिकवलं. पहिल्यांदा एक जण खरं बोलला, तर त्याला मीच शिक्षा करू? नाही करणार. हा प्रश्नच बिनकामाचा आहे. तो मी आणला, मला लाज वाटते, आणि हे मी इथे सगळ्यांसमोर सांगतो. जून यायच्या आत."

"त्याला जून बघायला मिळणार नाही," ड्रेक्सलर टॉलिव्हरला म्हणाला.

"रिकामा होत चाललाय," हर्शेल क्रम म्हणाला. तो फळ्याबद्दल बोलत होता. पहिल्या चार रांगांत आता खिंडारं दिसत होती. ऑरिनच्या डाव्या हातात पट्ट्यांची चवड झाली होती, आणि ती घेऊन तो शांतपणे दाराजवळच्या फळ्याकडे निघाला होता. सर्वांत वर रूक्स होता. ऑरिनने ती पट्टी मार्केलच्या पट्टीशेजारी धरली.

"ऑरिन," टॉलिव्हर म्हणाला. "परत ठेव ती."

"कुठली?"

टॉलिव्हरने आधी रूक्सच्या नावाकडे पाहिलं, मग शेजारच्या नावाकडे. सावकाश चष्मा काढला, टेबलावर ठेवला.

"दोन्ही," तो म्हणाला. "आणि रकाना सोळा उडवा. पडद्यावरून, सगळ्यांच्या रिपोर्टातून."

ड्रेक्सलरने मार्केलची पट्टी काढून हातात घेतली आणि तो मोठ्या फळ्याकडे आला. "ठीक आहे. तिसऱ्या रांगेत लावतो. तुझंही नाही, माझंही नाही."

"माझंच आहे," ऑरिन म्हणाला. "रिपोर्टात दुसरी फेरी लिहिलीय." त्याने ड्रेक्सलरच्या बोटांतून पट्टी सोडवून घेतली, दुसऱ्या रांगेत लावली आणि अंगठ्याने दाबली. मग बाकीच्या पट्ट्या एकेक करून आपापल्या जागी लावू लागला. घाई केली नाही.

"तुझं जूनमध्ये बघू," ड्रेक्सलर म्हणाला.

"जूनमध्ये बघ," ऑरिन म्हणाला. शेवटची पट्टी लावून तो खुर्चीत येऊन बसला आणि पुढचं नाव पडद्यावर आणायला सांगितलं.