टीव्हीवरची गोधडी

पौडच्या बाजारपेठेत गनीभाईंचं शिवणकामाचं दुकान होतं आणि दुकानामागच्या घरात त्यांची बायको कमरबी गोधड्या शिवायची. दुकानात उरलेले कापडाचे तुकडे सगळे तिच्याकडे यायचे. पार कोळवणपर्यंत कुणाच्या लेकीचं लग्न ठरलं, की कमरबीला निरोप यायचा. तिची गोधडी रुखवतात मांडली की बायका आधी तिच्यापाशीच थांबायच्या.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ती कुणाला न सांगता शिवत राहिली. कोळवणच्या हैबतरावांकडे एक मोठी गोधडी गेली, तिच्यात मधल्या फुलाच्या पाकळ्या निळ्या हव्या होत्या. त्यांतल्या निम्म्या काळ्या लागल्या. हैबतरावांच्या घरचे काही बोलले नाहीत. पण पुढे एका बाजारच्या दिवशी कमरबीला ती गोधडी त्यांच्या बैलगाडीत, भाताच्या पोत्यांखाली अंथरलेली दिसली. ती घरी आली आणि कात्री पेटीत टाकून कुलूप लावलं.

पुण्यात डोळ्यांचं ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला, सुईत दोरा पुन्हा ओवता येऊ लागला. तरी पेटी उघडली नाही. गनीभाईंनी विषय काढला की ती म्हणायची, आता हात चालत नाही. हात चांगला चालत होता, हे गनीभाईंना दिसत होतं. शेवटी त्यांनी परवीनला सांगितलं.

परवीन ही कमरबीच्या बहिणीची मुलगी; कमरबी तिची खाला, म्हणजे मावशी, आणि गनीभाई खालू. पुण्यात एका क्लासमध्ये ती कॉम्प्युटर शिकवायची. तिचा भाऊ सलीम कुवेतहून येताना एक छोटा कॉम्प्युटर घेऊन आला होता, टीव्हीला जोडायचा, रबरी बटणांचा. चार दिवस त्यावर खेळ खेळून सगळ्यांनी तो कपाटावर ठेवून दिला होता. खालूंचं बोलणं ऐकल्यावर परवीनच्या डोक्यात एक गोष्ट आली. तिने रोज थोडं थोडं बसून एक प्रोग्रॅम लिहिला, तो कॅसेटवर भरला आणि सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात, एका शनिवारी, सगळं चादरीत गुंडाळून पौडच्या एसटीत बसली.

कमरबीने आधी तो डबा घरात घ्यायलाच नको म्हटलं. टीव्ही बिघडला तर खालूंच्या बातम्या जातील, ही तिची पहिली हरकत. परवीनने टीव्हीमागची अँटेनाची वायर काढली, तिथे डब्याची वायर लावली, शेजारी टेपरेकॉर्डर ठेवला आणि टीव्हीचं बटण हळूहळू फिरवत बसली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग एकदम पडदा स्वच्छ झाला. प्रोग्रॅम डब्यात उतरवायला कॅसेट सुरू केली तर टेपमधून असा कर्कश आवाज निघाला, की शेजारच्या धोंडाबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या आणि परत जायचं विसरल्या.

आवाज थांबला. पडद्यावर आडव्या-उभ्या रेघांची चौकट आली, अगदी गोधडीच्या तुकड्यांसारखी. परवीनने आकड्यांच्या बटणांवर कापडाचे बारीक तुकडे चिकटवून आणले होते, लाल, पिवळा, हिरवा, निळा, काळा. चार बटणांवर खडूने बाण काढले होते. बाणाने चौकोन सरकायचा, रंगाचं बटण दाबायचं, की चौकोन भरला. नाही आवडला तर दुसरं बटण दाबायचं. कापड कापायच्या आधी गोधडी बघता येईल, असं तिने खालाला सांगितलं.

तिने लाल दाबलं आणि तिचा चेहरा उतरला. पुण्यात तिने सगळं मैत्रिणीच्या रंगीत टीव्हीवर करून पाहिलं होतं. खालूंचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. पिवळा पांढरट दिसला, लाल राखाडी. एवढी साधी गोष्ट लक्षात आली नाही म्हणून ती स्वतःवरच चिडली आणि वायर काढायला उठली.

"ऱ्हाऊ दे," कमरबी म्हणाली. "बटण कंचं दाबायचं ते सांग."

आता ती पडद्याला नाक लावून बसली होती. पहिलं बटण तिने विस्तवाला शिवावं तसं दाबलं. दुसरं त्याहून बरं. थोड्या वेळाने तिने मधोमध एक फूल मांडायला घेतलं, निळ्या पाकळ्या आणि भोवती काळी किनार. फूल पुरं झालं तेव्हा पडद्यावर पाकळीही नव्हती, किनारही नव्हती, नुसता एक काळा डाग होता.

कमरबीने निळा दाबला, मग काळा, मग पुन्हा निळा.

"म्हंजी यालाबी दोन्ही सारखंच दिसतंय," ती म्हणाली.

परवीनने समजावलं, की रंग वेगळे असले तरी गडदपणा सारखा असला की ते एकमेकांत मिसळतात. अंधुक उजेडात चांगल्या डोळ्यांनाही ते ओळखू येत नाहीत. कमरबीने मान हलवली. मग तिने हैबतरावांच्या गाडीतली गोष्ट सांगितली. आजवर गनीभाईंनाही ती ठाऊक नव्हती. दुसऱ्याच कुणाचं काही सांगावं तसं तिने सांगितलं, आणि संपल्यावर काळी किनार पुसून तिथे पिवळी घातली. फूल उठून आलं. दारातल्या धोंडाबाईंनाही ते तिथून दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कमरबीने अख्खी गोधडी मांडली. परवीन ती कॅसेटवर भरून ठेवायला उठणार, तेवढ्यात वीज गेली. पडदा काळा. वीज परत आली तेव्हा डब्यात काहीच उरलं नव्हतं. परवीनला वाटलं, आता खाला पुन्हा हात लावायची नाही. ती पुन्हा पुन्हा माफी मागू लागली.

"माझ्या डोक्यातून कुटं गेलंय त्ये?" कमरबी म्हणाली. "लाव तुजी क्यासेट."

या वेळी तिने कडेची वेल बदलली, आधीची तिला दाटीवाटीची वाटली होती. काम झाल्यावर टेपरेकॉर्डरची बटणं तिने स्वतः दाबली आणि परवीनला नुसतं शेजारी बसायला सांगितलं. संध्याकाळी परवीन डबा तिथेच ठेवून एसटीला निघाली तेव्हा पेटी उघडी होती आणि खाला जमिनीवर कापडाचे तुकडे पसरून, गडद एकीकडे आणि फिके एकीकडे लावत होती.

ती गोधडी धुळा धनगराच्या लेकीच्या लग्नात गेली. कमरबी स्वतः लग्नाला गेली आणि मांडवात चार बायकांनी टोकं धरून ती उलगडली, तेव्हा दूर बाजूला उभी न राहता मध्ये उभी राहिली. धुळाच्या बायकोने, तानूबाईने, पुढच्या लेकीसाठी तिथल्या तिथे सांगून ठेवलं. घरी मात्र गनीभाईंची कुरकुर सुरू झाली, कारण रविवारच्या सिनेमाच्या वेळी टीव्ही रिकामा मिळत नव्हता.

पावसाळा सरता सरता पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरने परवीनच्या घरी एक निरोप पोचवला. खालाने म्हटलं होतं, चौकोन लई मोठं पडत्यात, वेल वळत न्हाई. बारीक करून दे, आन् येताना दोन कोऱ्या क्यासेटी आण.

परवीनने त्याच आठवड्यात प्रोग्रॅमची वही उघडली आणि चौकोन निम्मे करायला बसली.