टाचफळीची फिर्याद

मी एक जुनी टाचफळी आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा उसासा टाकून आरंभ करतात. छत्री उसासते, घड्याळ उसासते, फाटके पुस्तक तर पानागणिक उसासते. मला उसासायचे नाही. माझ्या पाठीवर तांबड्या शाईने ‘सदोष’ असे लिहिलेली चिठ्ठी डकवलेली आहे. तो शब्द खोटा आहे. तो तेथे कसा आला हे मी क्रमाने सांगते; मग न्याय तुम्हीच करा.

माझा जन्म एका महाविद्यालयाच्या मागील बाजूस, जिन्याखालच्या सुतारकामाच्या खोलीत झाला. वाचनालयाचे जुने दार मोडून त्याच्या जाड फळ्या तेथे रचून ठेवल्या होत्या. शरीरशास्त्र विभागात संशोधन करणाऱ्या एक बाई एके दिवशी कागदावर आकृती काढून घेऊन आल्या. मिस्त्रींनी तो कागद सरळ धरला, उलटा धरला आणि विचारले, “ताई, ह्यात नक्की कुणाला पकडायचंय? उंदराला की माणसाला?”

“माणसाला,” बाई हसून म्हणाल्या. “खुर्चीत बसलेल्या माणसाला. चवडा टेकलेला राहील, टाच तेवढी वर-खाली होईल. आणि किती वेळा झाली ते मोजलं गेलं पाहिजे.”

मिस्त्रींनी मला रंधा मारला आणि घासून गुळगुळीत केले. माझे दोन भाग झाले. पुढचा भाग चवड्यासाठी, तो पक्का; मागचा टाचेसाठी, तो पितळी बिजागरीवर हलणारा. टाच उचलली की खालची स्प्रिंग त्या भागाला वर ढकली, तो काळ्या रबरी ठोकळ्याला घासून थांबे आणि शेजारी बसवलेल्या मोजयंत्राचा आकडा एकाने पुढे सरके. काम आटोपल्यावर मिस्त्री म्हणाले, “एक कडी लावून देतो. टाचेवरून अडकवली की टाचही गप्प बसेल आणि फळीही.”

“कशाला?” बाई म्हणाल्या. “ज्या दिवशी पाय हलवायचेच नाहीत, त्या दिवशी कोण हलवेल?”

“माणसं आहेत, ताई,” मिस्त्री पुटपुटले. पण कडी राहिली ती राहिलीच. मित्रांनो, ही चूक ध्यानात ठेवा. ती माझी नव्हे.

आता तुम्ही विचाराल की टाच उचलल्याने रक्ताचे काय भले होणार. प्रश्न रास्त आहे. तेलकट-तुपकट खाल्ले की त्यातील चरबी काही तासांत रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर फिरू लागते. ती फार वेळ फिरत राहिली, आणि वर्षानुवर्षे रोज फिरत राहिली, तर रक्तवाहिन्यांना ते मानवत नाही. काम करणारा स्नायू ती चरबी जाळण्यासाठी ओढून घेतो. स्वस्थ पडलेला स्नायू तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पोटरीच्या आत खोलवर एक चपटा स्नायू असतो, तो सहसा लवकर थकत नाही. बाईंचा तर्क असा होता, की तरुण माणसाने खुर्ची न सोडता नुसत्या टाचा उचलत राहिले, तरी हा स्नायू जागा राहील आणि जेवणानंतर रक्तातील चरबी कमी चढेल. हा तर्क होता, सिद्धान्त नव्हे. हा भेद बाईंना ठाऊक होता. पुष्कळांना नसतो.

तर्क तपासण्यासाठी बारा जण आले. सगळे विशी ते पंचविशीतले, आणि सगळे समोरच्या इमारतीत आठ-आठ तास बसून फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकणारे. “ह्या वयात कुणाला काय होतंय?” असे ते एकमेकांना बजावत. या वाक्याचा मला संताप येतो. पूर काही पुलापाशी पोचल्यावर सुरू होत नाही.

प्रत्येकाच्या वाट्याला दोन सकाळी होत्या. उपाशी यायचे, रक्त द्यायचे, मग लोणी थापलेला पाव आणि साय घातलेले दूध घ्यायचे; नंतर चार तास खुर्चीत बसून दर तासाला पुन्हा रक्त द्यायचे. एका सकाळी माझ्यावर टाचा उचलत राहायचे, दुसऱ्या सकाळी माझ्यावरच पाय ठेवून अगदी निश्चल बसायचे. बसण्याची ढब दोन्ही दिवशी एकच असावी, म्हणून ही योजना. निश्चल दिवशी मात्र बाई मोजयंत्र काढून कपाटात ठेवत आणि रक्ताच्या नळ्या घेऊन शेजारच्या खोलीत जात. मोजायचे काही नाही, मग त्याची टिकटिक हवी कशाला?

त्या बारांत एक उंच तरुण होता, त्याला सगळे लंबू म्हणत. मला पाहताच तो म्हणाला, “मॅडम, ही तर शिवणाची मशीन दिसतेय. झबलं कुणाचं शिवायचं?”

“तुझंच,” बाई म्हणाल्या. “आधी हजारदा टाच उचल, मग बाह्यांचं बघू.”

चोवीस सकाळी मी राबले. बिजागरी कुरकुरू लागली की खोली झाडणाऱ्या मावशी तेलाचा थेंब सोडत आणि “दमलीस का गं?” असे विचारत. त्या खोलीत मला ‘गं’ म्हणणाऱ्या त्या एकट्याच. विभागप्रमुख सर पाहुण्यांना घेऊन येत आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, “पाहा, दाराच्या फळीतून विज्ञान!” पाहुणे मान डोलावत. मीही तेव्हा फुशारले होते. स्तुती करणारी जीभ फिरते, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

मग रक्ताचे अहवाल आले. दोन्ही दिवसांचे आकडे जवळजवळ सारखे! टाचा उचला की बसून राहा, चरबी तेवढीच चढलेली. बाई अर्धा तास त्या कागदांकडे पाहत बसल्या. सरांना अर्ध्या मिनिटात निकाल सापडला.

“लिहून टाका, या व्यायामाचा काही उपयोग नाही,” ते म्हणाले. “आणि कारण म्हणून लिहा, साधन सदोष. असल्या फळकुटावर संशोधन होतं होय!”

मित्रांनो, या दोन वाक्यांकडे नीट पाहा. साधन सदोष असेल, तर व्यायामाचा उपयोग नाही हे कळले कशावरून? आणि उपयोग नाही हे जर सिद्ध झाले असेल, तर साधन सदोष कसे? दोन्हींपैकी एकच खरे असू शकते, किंवा एकही नाही. पण नाचता येईना तेव्हा अंगणच वाकडे ठरते, आणि अंगणाला तोंड नसते. सरांनी त्याच दुपारी चिठ्ठी लिहून माझ्या पाठीवर डकवली. दहा दिवसांवर संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक होती. तेथे ‘उपयोग नाही’ हे वाक्य मान्य झाले की बाईंचे चार वर्षांचे काम तेथेच बंद पडणार होते.

दुसऱ्या दिवशी बाई कागदपत्रे आवरत होत्या. मावशी झाडत होत्या. त्या सहज म्हणाल्या, “चला, सुटले बाई आता त्या काळ्या भुकटीतून. रोज ह्या फळीखालून सुपलीभर निघायची.”

“रबर झिजतं ना, मावशी. टाचा उचलल्या की घासतं ते.”

“उचलल्या की कसलं? गप्प बसायच्या दिवशीसुद्धा तेवढीच पडायची. मी म्हटलं, पोरं काय करतात कोण जाणे.”

बाईंनी हातातील कागद खाली ठेवले. त्यांनी लंबूला फोन करून बोलावून घेतले. तो आला, सवयीने त्याच खुर्चीत बसला आणि पाय माझ्यावर ठेवले.

“निश्चल दिवशी तू पाय हलवले होतेस?” बाईंनी विचारले.

“मी? छे हो, मॅडम! दगडासारखा बसलो होतो. शप्पथ.”

तो हे बोलत असता त्याची उजवी टाच माझ्यावर थडथडा नाचत होती. मावशींनी झाडूचा दांडा तिकडे रोखला. “दगडाला पाय फुटलेत बघा.”

लंबूने खाली पाहिले. त्याचा चेहरा पडला. “अरेच्चा! आई ह्याच्यावरून लहानपणापासून ओरडते मला. खरं सांगतो, मला कळतच नाही. पण मॅडम, आमच्या ऑफिसात सगळेच हलवतात. फोनवर शिव्या खाताना पाय आपोआप सुरू होतो.”

असे होते तर! ज्यांचा धंदाच बसण्याचा, त्यांना निश्चल बसणेच ठाऊक नव्हते. निश्चल दिवस निश्चल नव्हता; म्हणून दोन दिवसांत अंतर दिसले नाही. आणि माझे डोळे, म्हणजे ते मोजयंत्र, नेमके त्याच दिवशी कपाटात कोंडलेले. मी चोवीस सकाळी खरे तेच सोसले. ज्यांनी माझी साक्षच घेतली नाही, त्यांनी मला खोटे ठरवले. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ती अशी.

बाई सरांकडे गेल्या. “सर, चूक माझी आहे. स्वस्थपणा मी गृहीत धरला, मोजला नाही. निश्चल दिवस पुन्हा घ्यायला हवेत.”

“खोली सहा दिवसांत रिकामी करायची आहे,” सर म्हणाले. “रोज एकच माणूस होतो तुमचा. घ्या सहा जण. पण ज्यांचे आकडे बरे आहेत तेच बोलवा. शहाणपणा करा जरा.”

“तसं केलं तर ते संशोधन नाही, सर. वशिला झाला.”

बाईंनी बारा चिठ्ठ्या केल्या आणि मावशींना सहा उचलायला लावल्या. मिस्त्रींनी कडी आणली. ती बसवताना ते एवढेच म्हणाले, “सांगितलं होतं, ताई,” आणि बाईंनी त्यांना एकेक स्क्रू काढून दिला. मोजयंत्र कपाटातून परत आले. लंबूची चिठ्ठी निघाली होती. कडी लावलेल्या फळीवर चार तास बसणे त्याला इतके जड गेले, की तिसऱ्या तासाला तो म्हणाला, “मॅडम, हजारदा उचलायला लावा, पण हे नको.” मोजयंत्र शेवटपर्यंत शून्यावर राहिले.

सहांपैकी पाच जणांच्या रक्तात निश्चल दिवशी चरबी स्पष्टपणे अधिक चढली. सहावी एक मुलगी होती, तिच्यात काहीच अंतर पडले नाही. बाईंनी तेही लिहिले. टाचा उचलण्याचे दिवस जुने आहेत आणि स्वस्थ बसण्याचे नवे, ही उणीवही त्यांनी लपवली नाही. सहा जणांवरून जगाला उपदेश करता येत नाही. पण ‘उपयोग नाही’ हे वाक्य निराधार होते एवढे निश्चित सांगता येते. समितीसमोर बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी आधी स्वतःची चूक वाचून दाखवली. एका सदस्याने विचारले, “हे तुम्ही सांगितलं नसतं, तर कुणाला कळलं असतं?”

“फळीला,” बाई म्हणाल्या.

समितीने आणखी एक वर्ष दिले, तीस तरुण दिले आणि पोलादाचे नवे साधन दिले. माझी रवानगी कोठीत झाली. बाई निघताना सरांना म्हणाल्या होत्या, “त्या फळीवरची चिठ्ठी तेवढी काढायला सांगा.” सर म्हणाले, “राहू द्या हो, यादीत तसंच नोंदवलंय. आता कुठे बदलत बसायचं?” बाईंनी पुन्हा विचारले नाही. त्यांना नवे साधन मिळाले होते. माझा राग त्यांच्यावरही आहे, हे मी लपवत नाही. ज्यांनी समितीसमोर आपली चूक मोठ्याने वाचली, त्यांना माझ्या पाठीवरचा एक शब्द खरवडायला सवड झाली नाही.

मित्रांनो, माझी कीव करू नका. कीव मला लागत नाही. वस्तू बिघडली असे म्हणण्यापूर्वी आपण तिला काय विचारले आणि काय विचारायचे विसरलो, ते एकदा तपासा. तिला तेल द्या, तिचे म्हणणे नोंदवा, आणि नोंद चुकली तर दुरुस्त करा. एक शब्द खोडायला फार बळ लागत नाही. आणि आत्ता हे वाचताना तुम्ही किती वेळ बसलेले आहात, तेही पाहा. पाय असताना, पोटरीत जिवंत स्नायू असताना, ‘ह्या वयात काय होतंय’ असे म्हणत खुर्चीत रुतून बसणाऱ्यांचा मला सर्वांत अधिक राग येतो. मी लाकूड आहे. मला पडून राहणे शोभते. तुम्हांला शोभत नाही.