पाणबुडीच्या छतावरून दिसणारा रस्ता

मी पाणबुडीतून बोलतोय. घाबरू नका, ही पाणबुडी बुडालेली नाही. ती कधी पाण्यात गेलेलीच नाही. चौकाच्या कोपऱ्यावर एक हॉटेल आहे, आतून हुबेहूब पाणबुडीसारखं. गोल खिडक्या, त्यांच्यामागे निळे दिवे, भिंतीवर जाडजूड नळ्या आणि नाविकाच्या टोप्या घातलेले वाढपी. खिडक्यांमागचे मासे पुठ्ठ्याचे, नळ्या आतून पोकळ, आणि मालकाला स्वतःला पोहता येत नाही. या सगळ्या लटक्या संसारात खरा म्हणावा असा मी एकटाच. मी छतातून वर डोकं काढलेला पेरिस्कोप. माझ्या खालच्या टोकाला डोळा लावा, बाहेरचा खराखुरा रस्ता दिसेल. तेवढा ताठा मला शोभतो, असं आपलं मला वाटतं.

मला एका सुताराने घडवलं. मालकाने त्याला बजावलं होतं, "गिऱ्हाइकाला जागचं न हलता चारी दिशा दिसल्या पाहिजेत. इथे टेबलं मांडायचीत, गोल गोल फिरायला जागा नाही." सुताराने उंच लाकडी नळा केला. वर एक तिरका आरसा, खाली एक तिरका आरसा. वरचं डोकं तेवढं मुठीने फिरेल असं ठेवलं. खालची बाजू पक्की.

पहिल्याच दिवशी मालकाने डोळा लावला. समोरचा फुलवाला दिसला, स्वारी खूश. मग मूठ फिरवली, तसा रस्ता कलायला लागला. डोकं पार मागे वळलं, तर बसथांब्यावरची माणसं पाय वर, डोकी खाली!

"अरे, माझा रस्ता उलटा टांगलास की!"

"साहेब, समोर सरळ दिसतंय ना?" सुतार शांतपणे म्हणाला. "मागे बघायला जातंय कोण?"

मालकाने पाटी लावली, ‘फक्त समोर पाहावे.’ झालं! तेव्हापासून जो येई तो आधी मागेच पाही. आजोबा ठसका लागेपर्यंत हसत, नवरा-बायको ‘आता मी, आता मी’ करत. सगळे हसायचे आणि जेवायला बसायचे. असं का दिसतं, हे मात्र कोणी विचारत नसे. ते मला आत कुठेतरी लागायचं.

एका दुपारी माझ्याजवळच्या टेबलावर एक कुटुंब बसलं. आई, बाबा, त्यांची मुलगी आणि मुलीची आत्या. मुलीची शाळा संपली होती, त्याबद्दल आत्याकडून जेवण होतं.

"काय मग, पुढे काय करणार?" आत्याने सूप येण्याआधीच विचारलं.

"अजून काही सुचत नाही, आत्या."

"सुचायला काय कविता करायचीय? सोमवारपासून माझ्या पार्सल ऑफिसात ये. खोक्यांवर पत्ते चिकटव. दादा, तुझं काय म्हणणं?"

"नुसतं घरी बसण्यापेक्षा बरंच," बाबा पुटपुटले.

मुलीने खाली बघितलं. ज्याला स्वतःचं काही सुचत नाही, त्याचं आयुष्य दुसरेच ठरवून टाकतात. जेवण झालं, आईस्क्रीम आलं, तशी आईने आपली वाटी बाजूला सरकवली.

"वहिनी, पुन्हा नेम? आता कसलं मागणं?"

"आहे एक. पोरीला तिचं काम सापडेपर्यंत गोड सोडलंय."

आत्याने कपाळाला हात लावला. मुलगी उठली आणि माझ्यापाशी आली. डोळा लावला. पाटी वाचूनही मूठ मागे फिरवली, हे सांगायला नकोच. पण ती हसली नाही. तिने मूठ हळूच पुढे आणली, पुन्हा मागे नेली. पुन्हा पुढे. मागे रांग लागली, लोक कुरकुरायला लागले.

"अहो, तिथेच राहायला आलीय का ती?"

तेव्हा ती आई उठली. एरवी पाणीसुद्धा हळू आवाजात मागणारी बाई रांगेसमोर उभी राहिली. "तिला बघू द्या," ती म्हणाली. "तिला काहीतरी दिसतंय." रांग एक पाऊल मागे सरकली.

मुलगी धावत टेबलाशी आली. "आत्या, तुझा पावडरीचा आरसा दे. पटकन!" स्टीलचा चकचकीत ट्रे तिने तिरका टेकवला, वर आरसा धरला आणि तो सावकाश फिरवू लागली. ट्रेमधला पुठ्ठ्याचा मासा कलला, आडवा झाला आणि उलटा झाला.

"बघा! वरचा आरसा एकटा वळतो, खालचा जागेवरच राहतो. दोघं मिळून वळले असते तर रस्ता सरळ राहिला असता! असल्या वस्तू कुठे बनतात? मला तिथे जायचंय."

बाबा बघतच राहिले. आईने वाटी ओढली आणि पातळ झालेल्या आईस्क्रीमचा पहिला घास घेतला. चेहऱ्यावर असं समाधान, जणू देवाने हाताला धरून उत्तर दिलं.

मालकाने सांगितलं, सुताराने माझे आरसे डोळ्यांच्या डॉक्टरांची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यातून आणले होते. त्या सोमवारी मुलगी तिथे गेली. तिथल्या मुख्य बाईंनी तिला कितीतरी दिवस नुसत्या काचा पुसायला लावल्या. आत्या इथे जेवायला आली की म्हणे, "पत्ते नको म्हणाली आणि फडकं हातात घेतलं!" मी ऐकून घ्यायचो. काच कशी पुसायची हे ज्याला कळलं, त्याला उजेड कसा वळवायचा तेही कळेल, अशी माझी श्रद्धा होती.

तसंच झालं. आज ती तिथे उपकरणं जोडते. मधे येऊन माझे आरसे स्वच्छ करून गेली. मालक म्हणाला, "आता याला सरळ करून टाक." ती म्हणाली, "करता येईल, पण नको. सरळ दिसलं की कोणी थांबत नाही. ती पाटी तेवढी काढा." पाटी गेली, मी राहिलो.

आता माझा रंग उडालाय, मूठ कुरकुरते. पण गेल्या आठवड्यात आत्या आली, हिरवा चष्मा लावून. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. ज्या उपकरणातून डॉक्टरांनी तिचा डोळा तपासला, ते भाचीच्या हातचं होतं. डॉक्टरांनीच सांगितलं म्हणे, त्यातून डोळ्याच्या आतलं त्यांना उलटंच दिसतं आणि ते तसंच वाचायची सवय करावी लागते. जेवण बाजूला ठेवून आत्या माझ्याशेजारी उभी राहिली आणि येईल त्याला अडवू लागली.

"नुसतं समोर काय बघता? मागे फिरवा, मागे! आमची पोर इथेच शिकायला लागली."

वाचकहो, कधी आलात तर घाई करू नका. आणि आत्या भेटली, तर ती सांगेल तसं करा. नाही म्हटलंत तरी ती ऐकणार नाहीच. छतावर माझी मान तशी उंचच असते, पण त्या दिवशी ती वीतभर आणखी वर गेली होती.