जहाज सरळ होऊ दे

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर मला कोणी बोल लावायला नको. बास्केटबॉल मला माझ्या आप्पांनी शिकवला, आणि चुकीचा शिकवला.

आप्पा मालवाहू जहाजावर खलाशी. तिथे एका खांबाला लोखंडी कडं जोडलेलं होतं, काम नसलं की सगळे त्यात चेंडू टाकायचे. नेम चुकला की चेंडू समुद्रात. दोन चेंडू असे गेल्यावर कप्तानाने दम दिला, तिसरा गेला तर त्याच्यामागे तुम्हालाही टाकीन. मग काय, झक मारत सगळे नीट शिकले.

सुट्टीवर आले की पूर्णगडच्या आमच्या अंगणात, माडाला पिंपाचं कडं ठोकून, आप्पा मला शिकवायचे. चेंडू बोटांच्या पेरांवर धर, तळव्याला टेकवू नकोस. कोपर आत. गुडघ्यात वाक. सोडल्यावर मनगट पुढे लवू दे. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं. पण मग म्हणायचे, "आता थांब. जहाज सरळ होऊ दे... होऊ दे... सोड!" आणि मी बापडी डावीकडे झुलायची, उजवीकडे झुलायची, मधे आले की चेंडू सोडायची. अंगणात कुठलं आलंय जहाज? पण आप्पा सांगतात म्हटल्यावर विषय संपला.

आठवीला रत्नागिरीत आत्याकडे राहायला गेले, तर शाळेत खेळाच्या आनंदीबाईंनी कपाळाला हात लावला. "मथुरा, पाळण्यात उभी आहेस काय गं?" पोरी फिदीफिदी हसल्या. मी इतकी भडकले की दोन दिवस मैदानाकडे फिरकले नाही. मग गेले. बाई मागून माझे खांदे धरून रोज पन्नास चेंडू टाकायला लावायच्या. वर्षभरात झुलणं गेलं, संघात जागा मिळाली. आप्पांना पत्रात सगळं कळवलं, एवढं सोडून. कसं कळवणार? वर्षातून दोन महिने मिळणारा बाप, त्याने हौसेने दिलेली एकच विद्या, आणि ती चुकली म्हणून सांगू?

शहाऐंशीच्या डिसेंबरात जिल्ह्याचा अंतिम सामना होता आणि आप्पा नेमके घरी होते. मला खेळताना बघायला पहिल्यांदाच आले, इस्त्रीचा शर्ट घालून, अगदी पुढे येऊन बसले. शेवटची काही सेकंदं राहिली, आम्ही एका गुणाने मागे, आणि मला दोन फ्री थ्रो मिळाले.

रेषेवर उभी राहिले. बघते तर आप्पा बसल्या जागी झुलतायत. ओठ हलतायत. म्हटलं, चुलीत जाऊ दे तो कप. झुलले आणि सोडला. चेंडू रिंगला शिवलासुद्धा नाही.

आनंदीबाई ओरडल्या. त्यांच्याहून मोठ्या आवाजात आप्पा उभे राहून ओरडले. "मथुरा! जमीन आहे गो ती! सरळ उभी राहा!"

सरळ उभी राहिले. दुसरा आत गेला. बरोबरी झाली, आणि जादा वेळात आम्ही हरलो. हरलो तर हरलो.

परतताना एसटीत मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"सगळा सामना बघितला ना. सरळ राहून टाकलेले आत जात होते. मग माझ्यासाठी झुललीस, येडे!" असं म्हणून खिडकीबाहेर बघत बसले. माझा हात मात्र सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेंडू घेऊन माडाखाली उभे. म्हणाले, "बाईंनी शिकवलं तसं मला शिकव."

मी मागून त्यांचे खांदे धरले. खांदे हलतच होते. कितीही दाबा, हलतच होते.

"आप्पा, जमीन आहे ही."

"तुझी गो. माझी व्हायला लागते तोवर बोलावणं येतं."

मी खांदे सोडले आणि त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"मग थांबा," म्हटलं. "जहाज सरळ होऊ दे... होऊ दे..."

आणि 'सोडा' म्हणायच्या आधी मीही त्यांच्याबरोबर एकदा डावीकडे झुलले, एकदा उजवीकडे.